टांका म्हणाला, मी टाकलं

मी मूळचा कराडच्या पलीकडचा, डोंगराकडंचा. वडील लोहार. विहिरीतनं बैलांनी पाणी ओढायच्या लोखंडी मोटा करायचे. पत्र्यावर पत्रा ठेवून भोकं पाडायची आन् त्यातनं रिबीट, म्हंजी बिनटोकाचा जाड खिळा, ठोकून चेपायचं, ते बाहेरनं हातोडा मारणार आन् मी मोटंच्या पोटात बसून मागनं जड लोखंड दाबून धरणार, कानठळ्या बसायच्या बगा, पण धरून ऱ्हायचं, कारण मागनं कुणी धरलं न्हाई तर रिबीट बसतच न्हाई. त्यापायीच साळा चौथीत सुटली. पुढं वडील गेले, भाता थोरल्या भावाकडं गेला, वयनीला माझं ताट जड झालं, मग मामानं बोलावून घेतलं. मामा अंबरनाथला कारखान्यात. तिथं माझं जमलं न्हाई, म्हणून त्यानं कॅम्पात, म्हंजी आताच्या उल्हासनगरात, परमानंद शेट म्हणून एक सिंधी व्हते, त्यांच्या गॅरेजवर नेऊन सोडलं. लढाईच्या वक्ताची लष्करी बराक ती, तिथंच काम, तिथंच झोप. मामा जाताना म्हणाला, संभाळून ऱ्हा रे, इथं कुणाचं कुणी न्हाई. तो सहज बोलला आसंल, पण माझ्या डोस्क्यात ते घर करून बसलं.

तवापासनं मला सगळ्यांचाच संशय. भाषा कळत न्हवती ना. दोघं सिंधीत बोलून हसले की वाटायचं, मलाच हसले. शेटनं पाठीवर हात ठेवला की वाटायचं, आता कायतरी अवघड काम सांगणार. आन् सगळ्यात जास्त संशय हशू उस्तादचा. हा तिथला गॅसवाला, म्हंजी गॅसच्या ज्योतीनं पत्र्याला पत्रा जोडणारा. काळा चष्मा लावायचा, डोळे दिसायचे न्हाईत, आन् ज्याचे डोळे दिसत न्हाईत त्याच्यावर इस्वास कसा ठेवायचा, तुमीच सांगा.

पैल्याच दिवशी काय झालं, मी मडगार्ड धरून उभा आन् उस्ताद ज्योत पेटवून म्हणाला, टांका! त्यांच्यात टांका म्हंजी पैला बारका जोड, कपड्याला कच्चा टाका घालतात तसा. मला ऐकू आलं, टाका. मी टाकलं. सरळ त्याच्या पायावर. तो एका पायावर नाचतोय, गॅरेज लोळतंय हसून, आन् त्या दिवसापासनं माझं नावच पडलं टाका. ए टाका, पाना ला. ए टाका, चाय पी. मला वाटायचं, ह्यानं पाय ध्यानात ठेवलाय, एक दिवस उट्टं काढणार. त्याची बायको सकाळची कोकी धाडायची, कांदा घातलेली जाड पोळी आसती त्यांची, त्यातली आर्धी तो माझ्यापुढं सरकवायचा. मी आधी वास घ्यायचो. उगं कोण कुणाला खायला घालतंय?

मग ती डॉक्टरची गाडी आली. बदलापूरचे डॉक्टर, खेड्यापाड्यात रोगी बघायला जायचे, त्यांनी कुणाकडनं तरी लढाईच्या आधीची जुनी मोटार घेतली. वरनं पत्रा आन् आत लाकडाचा सांगाडा. पत्रा पार सडलेला. डॉक्टर म्हणाले, शेट, नवीसारखी करा, पण जोड दिसता कामा नये. मला लगेच संशय, जोड कशाला लपवायचा? चोरीची तर न्हाई? शेटनी इचारलं, बोलो, गॅस या रिबीट? उस्ताद म्हणाला, गॅस. मी पैल्यांदाच तोंड उघडलं, म्हटलं, रिबीट. शेट म्हणाले, क्यूं? मी म्हटलं, पक्कं बसतं. खरं कारण आसं, की रिबीटला दोघं लागतात, एक ठोकणारा, एक आत बसून धरणारा, आन् गॅसला एकटा उस्ताद बास. सगळंच गॅसवर गेलं तर मला कोण ठेवणार? आन् इथनं निघालो तर जायचं कुठं? मला पक्कं वाटलं, उस्तादला हेच पायजे.

ठरला गॅसच. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं लाकडावर ओली पोती लावून मागची बाजू जोडून काढली, आन् दुपारी सगळे जेवायला घरी गेले. मी एकटा गाडीच्या सावलीला भाकरी सोडून बसलो, तर नाकात धूर. बगतो तर गाडीच्या मागनं, पत्र्याच्या फटीतनं, धूर येतोय! बादल्या मारल्या, पत्रा उचकटला, तवा इझलं. तोवर ही गर्दी. शेट धावत आले, बीडी पी रहा था ना? अहो, मी बीडीला हात लावत न्हाई, पण ऐकतो कोण? कुणी म्हणालं, इसको रिबीट करना था, इसीलिए जलाया. शेट म्हणाले, उचल पेटी, कल से मत आना. मी रडत पेटी भरायला लागलो.

तेवढ्यात उस्ताद आला. मी मनात म्हटलं, झालं ह्याच्या मनासारखं. त्यानं नुसतं गप्प ऱ्हायचं व्हतं बगा, दुसरं काय न्हाई. त्यानं चष्मा कपाळावर सरकवला, वाकून सांगाड्याच्या जळलेल्या खांबावर बोट फिरवलं, बोट काळं झालं ते शेटला दाखवलं आन् म्हणाला, साईं, लकडी पत्रे की तरफ से जली है. सीट तो कोरी है. बीडी से सीट जलती. ये मेरी आग है, अंदर बैठी रही, मैं समझा बुझ गई. इसने तो गाड़ी बचाई.

शेट मग त्याच्यावर सिंधीत लई वेळ ओरडले. शेट दमले तवा तो माझ्याकडं वळला, ए टाका, रोता क्यूं है, अंदर घुस, लोहा पकड़. लाकडाजवळ परत आग नको म्हणून मागची बाजू आमी रिबीटनं केली, मी आत, तो बाहेर. ठोकायला अगदी कच्चा, दोनदा सोताच्या अंगठ्यावर मारला. डॉक्टर बगायला आले, म्हणाले, अहो, ह्या टिकल्या कुणी लावल्या? मग जळकं लाकूड दाखवलं, तवा त्यांनीच टिकल्यांवरनं हात फिरवला, म्हणाले, आसू द्या, शोभतात.

तरी माझा संशय जाईना. एकदा धीर करून इचारलं, उस्ताद, तवा तुमी गप का न्हाई ऱ्हायलात? तो म्हणाला, हम सिंध से नए आए थे ना, तब किसी का लोटा भी गुम होता, तो सब हमारी बराक को देखते थे. आन् पुढं कोकी सरकवली. मी वास घेतला, तर म्हणाला, सूंघ ले, सूंघ ले, आज मिर्ची ज्यादा है.

आता उस्तादचं सोताचं गॅरेज हाय, मी त्याच्याकडंच. गॅस त्यानंच शिकवला. बदलापूरजवळ खरवईला खोली घेतलीय, लग्न झालंय. संशय काय सुटला न्हाई. गॅस मारला की मागनं तळवा लावून बगतो, वास घेतो, थंड झाल्याबिगर जेवायला उठत न्हाई. बायको म्हणती, गाडीची मंगळागौर जागवताय काय? म्हणू दे. उस्तादच्या डोळ्यांतनं हल्ली पाणी गळतं, ज्योतीकडं बगून बगून. देवानं त्याचे डोळे राखावेत, दुसरं काय मागणं न्हाई. बारके जोड अजून तोच घालतो, मी धरतो. तो ज्योत पेटवून वरडला, टांका! की मी आधी हातातलं घट्ट आवळतो.