पळीवर गेलेली चड्डी

जुन्या कपड्यांचं काय करायचं ते करा, पण त्यावरून बायकोशी भांडू नका. पंचावन्न सालच्या आसपास मी पिंपरीच्या एका कारखान्यात नुकता लागलो होतो. एक दिवस मोशीला घरी आलो, तर बायकोनं माझी पट्ट्यांची चड्डी बोहारणीला देऊन पळी घेतलेली.

"अगं, अजून एक पावसाळा निघाला असता तिच्यावर!"

"ठिगळाला ठिगळ लावलंय अवं. कुत्रं बी इचारनार न्हाई तिला."

दोन दिवस मी त्या पळीनं वाढलेली आमटी खाल्ली नाही.

महिन्याभरानं कारखान्यात मशिनी पुसायला चिंध्यांचं गाठोडं आलं. जुनेच कपडे, उसवून धुतलेले. आमचे फोरमनसाहेब पुण्याचे, कडक इस्त्रीचे. घामाघूम होऊन आले, गाठोड्यात हात घालून त्यातल्या त्यात मऊ फडकं निवडलं आणि तोंड पुसायला लागले. पट्टे ओळखीचे वाटले. नीट बघतो तर साहेबांच्या नाकाशी बायकोच्या चोळीच्या हिरव्या खणाचं ठिगळ. ते चड्डीला कुठं होतं, हे सांगायला नको.

"काय बघतोस रे?"

"काही नाही साहेब. कापड मऊ आहे."

"आहे खरं," म्हणाले. मान पुसली आणि घडी करून खिशात ठेवलं.

घरी येऊन बायकोला सांगितलं. मला वाटलं, पोट धरून हसेल. ती पळीकडं बघत राहिली.

"तुमचं खरं व्हतं," म्हणाली. "म्या पातेलं मागायला पायजे व्हतं."