नऊ नंबरचा सांधा

(प्रार्थनामंदिरात, गायनमंडळासाठी बांधलेल्या नव्या लोखंडी सज्ज्याखाली. वेल्डिंग मुलीचं, तपासणी तिच्या वडिलांची.)

मुलगी : बस? बावीस सांध्यांत दोनच नापास? उभा जन्म इन्स्पेक्टर म्हणून काढलात, आज हात आखडता घेतलात की काय?

बाबा : चौदा आणि सतरा. दोन्हींना भेग आहे. लाल रंग फवारला, पुसला, वर पांढरी पावडर मारली. ये, शिडीवर चढून स्वतः बघ. पांढऱ्यावर लाल रेघ उमटलीय.

मुलगी : बघायचं काय त्यात? माझ्या गणिताच्या वहीवर रोज उमटायची.

पाळक : इन्स्पेक्टरसाहेब, केसाएवढी रेघ आहे हो. रविवारी तीस गायक वर चढायचेत, आमंत्रणं वाटून झालीत. जरा प्रेमाने घ्या. देव क्षमाशील आहे.

बाबा : देव आहे. वेल्ड नाही.

मुलगी : पाळकसाहेब, उगाच घसा कोरडा करू नका. ह्यांचा देवही ह्यांच्याच खात्यातला. वर बसून बॅटरी मारतो, कोण कुठे तडकलंय ते शोधतो आणि खडूने गोल करून मोकळा होतो. म्हणून तर बारा वर्षं मी इकडे फिरकले नाही. कधी नव्हे ते देवाचं एक काम घेतलं, तर त्यातही नापास!

पाळक : छे छे, ताई! प्रभू म्हणजे निव्वळ प्रेम. रविवारच्या उपदेशातून मी न्यायाचा भाग गाळूनच टाकलाय. लोकांना जड जातो.

बाबा : वा, सोय झाली. सज्ज्यातूनही जड तेवढं गाळून टाका. तुळया काढल्या की कसा छान हलका होईल.

मुलगी : घ्या. पाळकसाहेबही नापास.

बाबा : बाहेरच्या फाटकाचं वेल्डिंग कोणी केलंय, मला ठाऊक नाही. येताजाता बघतो आणि मनात म्हणतो, असू दे. हिच्या कामासाठी मात्र सकाळपासून शिडीवर आहे.

मुलगी : अच्छा, म्हणजे हे माझे लाड चाललेत!

बाबा : भेग रंगाने पडलेली नाही. ती होतीच. आज मी गप्प बसलो असतो, तर रविवारी तीस जण वर असताना तिने स्वतःच तोंड उघडलं असतं. तेव्हा तुझ्या हातात ग्राइंडर नसता. आज आहे.

मुलगी : बरं, घासलं, पुन्हा भरलं. मग?

बाबा : मग पुन्हा तपासणार.

मुलगी : आणि पुन्हा नापास झालं तर?

बाबा : पुन्हा घास. मी काही घरी जात नाही.

मुलगी : ही सरळ धमकी झाली.

बाबा : पास झालं की सही करणार. शनिवारी वाळूची पोती चढवू, गायकांच्या दीडपट वजनाची. तेव्हा मी खाली उभा राहणार.

पाळक : खाली? ते कशाला?

मुलगी : त्यांच्या कारखान्याची रीत. ज्याची सही, त्याने पहिला भार चढेपर्यंत खाली उभं राहायचं. त्या दिवशी डबा देताना आई ह्यांचा हात लवकर सोडायची नाही. बाबा, तेव्हाची गोष्ट वेगळी होती. गुडघा बदललाय तुमचा. पळता यायचं नाही.

बाबा : पळायचं नसतंच.

पाळक : पण काम ताईंचं, चुकलं तर ताईंचं. तुम्ही का म्हणून...

बाबा : निकाल माझा आहे ना? मग पोत्यांखालीही मीच. पाळकसाहेब, तुम्ही गाळलेल्या भागात हेच तर आहे. न्याय करणारा वर बसून राहिला नाही. खाली आला.

पाळक : तो भाग परत घालतो मी.

मुलगी : घाला. बाबा, उतरू नका. नऊ नंबरवरही खूण करा.

बाबा : नऊ स्वच्छ आहे. पावडर पांढरीशुभ्र आहे.

मुलगी : वरून. आतला थर भरताना माझा हात हलला होता. मी घाईने त्यावर दुसरा थर चढवला. तुमचा रंग आतपर्यंत पोहोचत नाही, हे मला ठाऊक होतं.

पाळक : अहो ताई, पण कोणाला कळलंसुद्धा नसतं!

मुलगी : शनिवारी खाली हे उभे असणार आहेत, पाळकसाहेब.

बाबा : वर ये. हा घे खडू, खूण तूच कर. दिवा मी धरतो.