एकच दणका

नाही नाही, उठू नका काका, पडून राहा — मीच खुर्ची ओढून घेतो. काकूंनी दारातच सांगितलं, जबडा तारांनी बांधलाय, बोलता येत नाही, काही हवं असलं की टेबलावर बोट वाजवतात. चालेल. मला शब्द नकोतच, बोट पुरे. काकूंना मी म्हटलं बेकरीतून आलोय, तब्येत बघायला — खोटं म्हटलं. खरं सांगितलं असतं तर आत घेतलं असतं का त्यांनी? तुमच्या पावाच्या गाडीमागे तो छोटा निळा टेम्पो होता ना, तो माझ्या दादाचा. होता. आता दादाही होताच म्हणायचं. असं तोंड फिरवू नका हो. मी भांडायला नाही आलो. भांडून झालंय माझं सगळ्यांशी.

उद्या ते अपघाताच्या चौकशीचे साहेब येणार तुमच्याकडे. आमच्याकडे येऊन गेले. वहिनीच्या ओट्यावरचे तीन कप घेतले आणि टेबलावर एकामागे एक मांडले — हा पुढचा पाववाला, हा मधला तुझा भाऊ, हा मागचा मोटारवाला. म्हणाले, मागच्याने मधल्याला ढकललं असेल तर पुढच्याला एकच दणका बसतो. मग सगळं मागच्यावर — तुझा भाऊ, तुझ्या वहिनीचा पाय, पाववाल्याचा जबडा, सगळं त्याने भरायचं. पण मधला आधी आपणहून आपटला असेल आणि मग मागून ठोकर आली असेल, तर दोन दणके. मी विचारलं, दोन असले तर? त्यांनी मधला कप उपडा केला. उष्टा चहा होता हो त्यात. पसरला टेबलभर, आणि हे नुसते बघत बसले. मीच पुसला बाहीने. आता तो मोटारवाला म्हणतो दोन. म्हणणारच, वकील ठेवलाय त्याने. वहिनी शेजारीच बसली होती, पण तिला डुलकी लागलेली, जाग आली ती थेट दवाखान्यात. दादा काय सांगणार? उरलं कोण? तुम्ही. एक की दोन, ते फक्त तुमच्या पाठीला ठाऊक.

वहिनीचे वडील दवाखान्याच्या व्हरांड्यात सगळ्यांसमोर काय म्हणाले माहितीये? 'तुझा भाऊ गेला तो गेला, माझ्या पोरीला लंगडी करून गेला.' मी कॉलर धरली त्यांची. धरायला नको होती, वयाने मोठे आहेत, पण धरली. ते म्हणतात दोन निघू देत, पोरीला घेऊन जातो, पुन्हा त्या घराचं तोंड बघू देणार नाही. आणि घर तरी केवढं, दोन खोल्या. आई गेल्यापासून वहिनीच माझी आई — जेवलास का विचारणारी दुसरी कोण आहे? रोज मी दवाखान्यात गेलो की पायाचं काही बोलत नाही ती. एवढंच विचारते, 'भाऊजी, ह्यांची चूक नव्हती ना?' मी म्हणतो नव्हती. 'पाववाल्या काकांनी सांगितलं?' मी म्हणतो, सांगतील, बरे झाले की सांगतील. आता सांगा, काय चुकीचं बोललो मी?

आणि दादा वाघ होता हो गाडी चालवायला! आजवर साधा ओरखडा नव्हता टेम्पोला. हां, जवळून चालवायचा, ते आहे. म्हणायचा, अंतर ठेवलं की कुणीतरी नाक खुपसतंच मध्ये. पण खरं म्हणजे तसंही नाही — ते माझ्यासाठी होतं. शाळेत मला अक्षरं म्हणजे मुंग्या वाटायच्या, मास्तरांनी हात टेकले, मग मीच जायचं सोडलं. तेव्हा दादाने टेम्पोत शेजारी बसवून शिकवलं. समोरच्या ट्रकच्या मागे काय लिहिलंय, वाच. मोठं वाचून झालं की, आता खालचं बारीक वाच. बारीक दिसेना म्हटलं की हा आणखी जवळ नेणार. वहिनी मागून ओरडायची, 'अहो, पोराला शिकवताय की वर पोचवताय?' आणि दादा हसायचा. दुसऱ्या कुणाचा भाऊ शिकवतो का असं? आज तुमच्या दारावरची पाटी मी स्वतः वाचली, कुणाला न विचारता. मग जवळ जायची तीच सवय लागली त्याला, मी शेजारी नसलो तरी. तुमच्या गाडीमागेही खाली काहीतरी बारीक लिहिलं होतं ना? परवा पोलिसांच्या आवारात जाऊन बघितली मी, पत्रा चेपलाय. 'अंतर' एवढंच उरलंय.

हे साहेबांना सांगू नका हां. मी तरी का सांगत बसलोय? झोप नाही काका, म्हणून तोंड सुटतं. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा शुद्धीत होता दादा. माझं मनगट धरलं आणि म्हणाला, 'आधी मीच लागलो रे, मग मागून —' मी म्हटलं गप, बोलू नकोस, डॉक्टर नको म्हणालेत. आणि गप्प झाला. जन्मात कधी माझं ऐकलं नाही त्याने, तेवढं ऐकलं.

काय बोललो मी? काही नाही. ग्लानीत होता, ग्लानीत माणूस काहीही बोलतो. कुणी ऐकलं नाही, मी एकटाच होतो तिथे. तुम्हीही नाही ऐकलं. असं बघू नका माझ्याकडे. तुमचा जबडा त्या मोटारवाल्यानेच मोडला ना, त्या दुसऱ्या — त्या दणक्याने? मग? त्याला सोडायचं आणि मेलेल्याला धरायचं? मेलेला येतो का सांगायला? पाया पडतो काका, खरंच पडतो, हे बघा. वहिनीला मी काय सांगू तेवढं सांगा फक्त. काकू आत आहेत, मिक्सर चालू आहे, कुणाला ऐकू जाणार नाही. टेबल जवळ सरकवतो. उद्या साहेबांसमोर वाजवाल तसं आज मला वाजवून दाखवा. मी डोळे मिटतो हवं तर. हं, वाजवा.

एक. एक! ऐकलं मी. देवमाणूस आहात तुम्ही. आत्ताच जाऊन सांगतो तिला, म्हणतो काकांनी सांगितलं, एकच — आता ठेवा हात खाली, दमलात — खाली ठेवा, काका. झालं की आपलं. बोट कशाला उचलताय? काका —