माझ्या सीटखालून आलेला देव

तमाम लहानथोर मंडळींना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येत आहे की, आमच्या गावच्या तलावाच्या पाळीवर ज्याले तुम्ही इतकी वर्षं दूध पाजलं, ज्याच्या डोक्यावर नारळ फोडले, तो महादेव नव्हता, तोफेचा गोळा होता, आणि तो फुटलेला नव्हता. लिहा, पहिले हेच लिहा. माझा जन्म, माझं गाव, ते मागून.

गाव म्हणजे सडक अर्जुनीहून आत, धानाचं. बापाची थोडी बांधी होती, म्हणजे धानाचं वावर, पण मले चिखलात उभं राहायचा कंटाळा, म्हणून मी हायवेच्या ढाब्यावर ट्रक पाहत बसायचो, पाहता पाहता क्लीनर झालो आणि क्लीनरचा ड्रायव्हर झालो. मग लगन झालं, आणि बायकोसंगं तिचा धाकटा भाऊ आला, टेकचंद. सासूबाई म्हणाल्या, जवाईबापू, पोरगा रिकामा फिरून राहिला, गाडीवर न्या. नेला. काय सांगू तुम्हाले, देवानं जगात जितका आगाऊपणा पाठवला तो सगळा याच्या एकट्याच्या अंगात.

कारगिलची लढाई झाली तेव्हा आम्ही पानठेल्याच्या टीव्हीवर पाहिली होती. त्याच्या चार-पाच वर्षांनी गोंदियाचा तांदूळ घेऊन जम्मूले गेलो, तिथं वापसीचा माल भेटेना, तर एकानं कारगिलले पोचवायचं सिमेंट दिलं. गेलो. अमरनाथच्या जत्रेची गर्दी मागं टाकली, तो भयंकर घाट चढलो, आणि द्रासच्या जवळ पहाड खचून रस्ता बंद. मागं ट्रक, पुढं ट्रक. टेकचंद म्हणे, भाऊजी, बसून बसून पाय आखडले, जरा वर जाऊन येतो. मी म्हटलं, थांब, मी येतो, तू एकटा गेला तर काही ना काही करशील.

वर झाड नाही, पाखरू नाही. नुसता दगड. आणि दगडात, लक्ष दिलं तर दिसते, पितळेची रिकामी काडतुसं, फाटका तंबू, गंजलेला स्टोव्ह, चेपलेला डबा. मग एक बूट दिसला. त्याची नाडी बांधलेली होती. आता तुम्ही सांगा, नाडी बांधलेला बूट पायातून कसा निघते. मी तिथंच उभा राहिलो, चप्पल काढावी की काय असं वाटलं. आणि हा शहाणा मागं खाटखुट करून राहिला. काऊन रे, काय करून राहिला? तो म्हणे, काही नाही, भंगार पाहून राहिलो. भंगार. कोणाच्या तरी पोराचा बूट पडला आहे आणि हा भंगार पाहून राहिला. एक ठेवून दिली त्याच्या कानाखाली. तेवढ्यात खालून जवानानं शिट्टी मारली, ओरडला, जहाँ पैर रखा था वहीं रखते हुए नीचे आओ, कुछ उठाना मत, यहाँ के आधे गोले तो फूटे ही नहीं हैं.

उतरलो. रस्ता सुटला, माल खाली केला, वापस निघालो. पंजाब, दिल्ली, सगळे खड्डे, सगळे ब्रेकर, मी आपला आरामात गाणे ऐकत गाडी हाकून राहिलो. घरी आलो तर सीटखालची जॅक-पान्याची पेटी उघडून या माणसानं पोत्यात गुंडाळलेला गोळा बाहेर काढला. हातभर लांब, पुढून निमुळता. माझ्या सीटखाली. इतका सारा देश मी त्याच्यावर बसून पार केला. मी लाकूड घेऊन धावलो तर हा पळत पळत तलावाच्या पाळीवर गेला, आणि तिथं बायका धुणं धुऊन राहिल्या होत्या, त्यांनी विचारलं, काय आहे रे टेकू? आणि तो म्हणाला, अमरनाथहून महादेव आणला, एका बाबानं दिला.

झालं. सांजपर्यंत मोहाच्या झाडाखाली सिमेंटचा ओटा तयार. शेपूट सिमेंटमध्ये, टोक वर. वरून शेंदूर. मी बोंबललो, अरे हा बॉम्ब आहे, जवानानं माझ्यासमोर सांगितलं. सरपंच म्हणाले, भोजराज, तू अमरनाथच्या दारातून वापस आला, दर्शन नाही घेतलं, आता साळ्यानं देव आणला तर जळून राहिला काय? घरी बायको म्हणे, तोंड बंद ठेवा, माझ्या भावाले जेलात टाकाचं आहे काय? ठाण्यात गेलो. हवालदार गाडी घेऊन आले, बूट काढले, हात जोडले, अंगारा लावला आणि गेले. मले म्हणाले, कमी पीत जा. मी आयुष्यात चहाशिवाय काही प्यालो नाही.

आणि नारळ. आमच्याकडं कोणतंही शुभकार्य असो, नारळ देवाच्या पायरीवर फोडतात, पण लोकांनी रीत अशी काढली की याच्या टोकावरच फोडायचा, म्हणे एका फटक्यात फुटते. ठण्ण. गावात कुठंही असलो तरी तो आवाज आला की मी कान झाकून खाली बसायचो. मी तिकडची वाट सोडली, पोरीले तिकडं पाठवत नव्हतो, लोक म्हणायचे भोजराज नास्तिक झाला.

अशीच वर्षं गेली, मग पोरीचं लगन ठरलं. दुर्गाचं. गोंदियाजवळच्या कुडव्याचा पोरगा, घरात हिंदी बोलणारा, मोबाईलचं दुकान, शांत. उन्हाळ्याची वरात आली, आणि रीत म्हणजे मांडवात यायच्या आधी नवरदेवानं गावच्या देवाले नारळ फोडायचा. मी सगळ्यांले आधीच सांगितलं होतं, मारुतीकडं न्या. पण घोडीचा लगाम कोणाच्या हातात? टेकचंदच्या. मी मांडवात पाहुण्यांले पाणी देऊन राहिलो आणि बँड ऐकू आला तो पाळीवरून. धावलो, धोतर सावरत, पागोटं रस्त्यात पडलं. नवरदेवाचा नारळवाला हात वर गेलेला. मी सरळ त्या ओट्यावर पडलो, गोळ्याले पोटाशी धरलं आणि म्हटलं, फोडायचा तर माझ्या टकल्यावर फोडा, पण माझी पोरगी अजून मांडवात बसली आहे, तिले आज विधवा करू नका.

बँड थांबला. टेकचंद म्हणे, भाऊजी, बारातींसमोर तमाशा नका करू. मी म्हटलं, तमाशा तू केला, मी तर फक्त शेवटच्या अंकात आलो. व्याह्यांचं तोंड लाल. लगन मोडते असंच वाटलं. पण त्यांच्यात नवरदेवाचे मामा होते, फौजेतून रिटायर झालेले. ते वाकले, टोकाजवळचा शेंदूर नखानं खरवडला. खाली पितळेचा फ्यूज निघाला, जसाच्या तसा. मले हळूच धरून उठवलं, नवरदेवाच्या हातातला नारळ काढला आणि सगळ्यांले हातानं मागं मागं सारत नेलं. त्यांचा चेहरा पाहून टेकचंद सगळ्यात पुढं पळाला, घोडी सोडून.

लगन शाळेच्या पटांगणात लागलं, पाळीपासून लांब. मामांनी फोन लावला होता, दुसऱ्या दिवशी बॉम्बवाले आले, ओटा अलगद फोडला, गोळा तलावाच्या कोरड्या पोटात नेला, रेतीच्या बोऱ्या लावल्या.

आता दुर्गा कुडव्यात सुखी आहे, दोन लेकरं आहेत, देव तिले असंच ठेवो. टेकचंदशी मी बोलत नाही. बायको म्हणते, माफ करा, जुनी गोष्ट झाली. करीन की. पण मले तो बूट दिसते, नाडी बांधलेला. जो तिथं मेला त्याच्या मायले काय भेटलं असेल कोणाले माहीत, आणि आम्ही त्याले मारायले आलेला गोळा घरी आणला, हार घातले, आरत्या म्हटल्या. हा राग मी कुठं ठेवू, सांगा.

त्या दिवशी गोळा फोडला तेव्हा जमीन हलली आणि मोहाची पानं गळाली. सरपंच खाली पाहून राहिले. कोणी कोणाकडं पाहीना. माझा नवा जावई, ज्यानं आदल्या दिवसापासून हो-नाहीच्या वर शब्द काढला नव्हता, हळदीच्या अंगानं तसाच उभा होता, तो माझ्याकडं वळला आणि सगळ्यांसमोर त्याच्या तोंडून निघून गेलं, मामाजी, इस गाँव के बाकी भगवान चेक करा लिए क्या?