‘पऱ्हाटी’चे शब्द कोणाचे

इथं जमलेल्या सगळ्या बाया-माणसांनो, पांढरकवड्यावरून आलेल्या पोट्ट्यांनो, आणि समोर बसल्या त्या प्रफुलच्या आई, आमच्या शोभामावशी. सगळ्याइले हात जोडते. मले बोलाले जमणार नाही, असं मी सकाळपासून तीनदा सांगतलं. तरी माईक हातात दिला. आता दिलाच, तर ऐका.

मी करुणा. माहं घर प्रफुलच्या घराले लागून. गेल्या सोमवारी घाटंजीच्या रस्त्यावर उभ्या ट्रेलरले त्याची गाडी धडकली आणि तो गेला. सव्वीस वर्षांचा पोट्टा. मले रडू येते. आणि मले रागही येते. दोन्ही संगच येऊन राह्यलं, म्हणून बोलणं इकडंतिकडं झालं तर समजून घ्या.

माह्या मांगं बॅनर आहे. वाचा. ‘शब्दांचा जादूगार.’ आतापर्यंत चार जण बोलले, चौघंही त्याच्या शब्दांवर बोलले. आवाजावर एकही नाही. बाप्पा! आवाज त्याचा होता नं. आवाजावर बोला.

‘पऱ्हाटी’ तुम्ही सगळ्यांनी ऐकला. त्याचा पहिला रॅपचा अल्बम. कोण्या कंपनीचा नाही, मोबाईलवर रेकॉर्ड केला, स्वतःच नेटवर टाकला. नाव मीच सुचवलं होतं. कापूस वेचून झाल्यावर वावरात जे रिकामं झाड उभं राह्यते, ती पऱ्हाटी. त्या साली कापसाले भाव नव्हता, म्हणून मावशीची मधली खोली छतापर्यंत कापसानं भरून होती. सगळे म्हणत, घरात बसाले जागा नाही. प्रफुल म्हणे, "करुणे, टाळी वाजवून पाह्य. आवाज फिरून येतच नाही. स्टुडिओ आहे हा!" मंग आम्ही दोघं त्या कापसात बसून, अंग खाजवत खाजवत, सात गाणे केले. हो, दोघं.

शब्द माहे होते.

कुजबुज करू नका. भाऊ, तुम्ही खाली बसाच्या खुणाही नका करू, बोलून झालं की बसतेच मी.

‘ओटी’ हे गाणं आठवा. त्याच गाण्यानं तो मोठा झाला. वेचताना आपण कमरेले ओटी बांधतो, ती भरत जाते तशी कंबर खाली ओढते, बोंडाच्या टोकानं नखाजवळचं कातडं फाटते. प्रफुलनं कधी ओटी बांधली? वावरात तो चहा घेऊन ये आणि मोबाईलवर बीट ऐकवून जाय. वेचत होतो मी आणि मावशी, बाजूबाजूनं. घरी येऊन वहीत लिहत होती मी. पण खोटं बोलणार नाही. तो ते असं म्हणे, की माह्याच अंगावर काटा ये. माह्या तोंडून ते शब्द मेलेले वाटत, त्याच्या तोंडून जिते होत.

"अल्बम निंगला की पहिलं नाव तुह्यं," म्हणे. किती वेळा म्हणे! अल्बम निंगला. मी पाह्यलं. गीत प्रफुल, आवाज प्रफुल, सगळंच प्रफुल. मी विचारलं, काहून रे? तर म्हणते, "रॅपर दुसऱ्याचं लिहलेलं म्हणत नाही करुणे. पोट्टे हासतीन मले. दुसऱ्या अल्बमवर टाकतो, पक्कं."

त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलली नाही. दोनदा फाटकापाशी आला, मी दार लावून घेतलं. आता दुसरा अल्बम कुठून आणू? शब्द द्याचा आणि मरून जायचं, हे कोणतं वागणं झालं?

आज सकाळी मी मावशीले सगळं सांगतलं. वाटलं, चिडतीन. मावशी, सांगू नं? मावशी म्हणाल्या, "मले ठावच होतं वं. माह्या ओटीची गाठ डाव्या बाजूले असते, ते गाण्यात आलं. त्या पोट्ट्याले ते कुठून माहीत?" मी म्हटलं, मंग मुलाखत घ्याले लोक आलते, तवा तुम्ही काहून नाही बोलल्या? तर म्हणाल्या, "पोरगं होतं माह्यं." बस, एवढंच. पण मावशी, मलेही लागलं ते. तुमच्याच बाजूले वेचत होती मी.

अजून एक सांगते. रागानं मी तो अल्बम कधी ऐकलाच नव्हता. परवा ऐकला. ‘ओटी’च्या सुरुवातीले एका पोरीचा आवाज आहे, "थांब नं, खाजून राह्यलं," आणि तो हासते. तो आवाज माहा आहे. बाकी गाण्यांतून त्यानं कुत्र्याचं भुंकणंही काढून टाकलं, तेवढंच ठेवलं. नाव काढलं आणि खाजवणं ठेवलं! याचं मी काय करू, सांगा. मी माफ नाही केलं त्याले. अजून तरी नाही.

आता सगळ्यांनी उभं राहायचं आहे. गाणं सुरू करायच्या आधी प्रफुल हात वर करे आणि म्हणे, "थांब, खोलीची चूप घेऊन घेतो." कोणी बोलत नसताना खोलीचा जो आवाज असते, तो पहिलं मोबाईलवर रेकॉर्ड करे. मंग आम्ही श्वासही हळू घेत होतो. आज मी हात वर करते. तो खाली येईपर्यंत कोणी बोलू नका. मोबाईल बंद करा.

त्याच्या आधी, जे अल्बमवर नाही ते बोलून घेते. ‘पऱ्हाटी’. आवाज, प्रफुल. शब्द, करुणा.

झालं. घे रे आता चूप.