टाळीवरची मॅच

सिरसाळ्याच्या स्टँडवर बसची वाट बघत होतो. मागच्या बाकावर एक मिस्त्री आणि एक कापडदुकानदार बोलत होते. मिस्त्रीनं विचारलं,

“संगमेश, पेपरात पुन्हा कूपन आलंय. सगळ्या देशांतून अकरा गडी निवडायचे, ते खेळतील तसे गुण आन् बक्षीस. भरणार ना?”

“न्हाई, शफीभाई.”

“कावून? वर्ल्ड कपात तर लई नाद लागलता तुला.”

“लागलता. आपली टीम हरली तरी कूपनातला एखादा गडी कुठंतरी खेळत असायचा. जीव गुंतून राहायचा.”

“मी तवाच म्हणलतो, टीम एकच धरावी. माणूस रोज घर बदलतो का?”

“आमच्या अप्पाला दिसत न्हवतं, टीव्हीवरली इंग्रजी कळत न्हवती. माझ्या टाळीवर मॅच बघायचा त्यो. टाळी वाजली की आपला चौका.”

“ठाऊक हाय मला.”

“त्या दिवशी माझ्या कूपनातल्या परदेशी बॉलरनं आपले चार गडी काढले. चारदा माझ्याच हातानं टाळी वाजली.”

“आन् अप्पा?”

“म्हणला, आज पोरं लई चांगली खेळायलीत.”

“तू खरं सांगितलं न्हाईस?”

“इतका खुश झालता, जीभच रेटंना. मॅच आपण हरलो, आन् शेवटी अप्पा म्हणला, जिंकलो, साखर वाट.”

“आमच्या घरी आलती ती साखर. मला वाटलं, तुला बक्षीस लागलं.”

“सकाळी उठवाया गेलो, तर अप्पा गेलता.”

“खुशीत गेले म्हण, संगमेश.”

“परवा आपण खरंच जिंकलो, शफीभाई. घरात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझे हात उठलेच न्हाईत.”