तीन नंबरचा दिवा

...आणि वर मलाच म्हणतात, "बाई, जरा नीट बोला!" नीट बोला? अहो, वादळाचा इशारा आला की दुपारभरात साठ-सत्तर फोन घेते मी, आणि साठ-सत्तर जणांचं वाक्य एकच... "मालिका कधी लावताय?" नमस्कार-चमत्कार काही नाही. मी अजून "हॅलो" म्हणतेय तोवर तिकडून सुरू, "त्या ग्रेडीला हटवा आणि मालिका लावा!" जसं काही ग्रेडीला पडद्यावर मीच नेऊन उभं केलंय! मी कोण? मी लोरीन, चॅनेलच्या दारातल्या टेबलाशी बसून फोन उचलणारी बाई. लाइनी सहा, दिवे सहा, आणि मी एकटी. हवा माझ्या हातात नाही, मालिका माझ्या हातात नाही, हातात आहे तो फक्त रिसीव्हर. आता तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं?

ग्रेडी म्हणजे आमचा हवामानवाला. अलाबामात एखाद्याला राज्यपालाचं नाव येणार नाही, पण ग्रेडीला सर्दी झालीय का ते लहान पोरालाही ठाऊक. त्या एप्रिलातल्या गुरुवारी सकाळी दहापासून हा नकाशासमोर उभा. पाणी नाही, जेवण नाही, तोंडाचा पट्टा चालू... "टोर्नेडोची सोंड आता जुन्या कापूसगिरणीच्या मागून निघाली, तिथून बॅप्टिस्ट चर्चकडे, म्हणजे पहिलं चर्च नव्हे, भांडून वेगळं झालेलं दुसरं, तिथून मर्लच्या टायरच्या दुकानाकडे..." आता एवढं पत्त्यासकट सांगितल्यावर माणसाने काय करावं? घरात खोल कुठेतरी दडून बसावं की नाही? छे! बायका म्हणतात, मर्लकडे ना, मर्ल तर चार मैलांवर! आणि पुरुष? पुरुष ओसरीवर जाऊन उभे राहतात. हातात थंडगार चहाचा ग्लास, नजर आभाळाला... टोर्नेडो नाही, बायकोच्या माहेरची माणसं यायचीयत जशी! आणि ग्रेडी घसा फोडून ओरडतोय आणि इकडे माझे दिवे लुकलुकतायत आणि उचलावं तर काय... "मालिका कधी लावताय?"

एकाने तर मला दम दिला, तुमच्या मालकाला लिहीन म्हणून. मी म्हटलं लिहा, टपाल उडून नाही गेलं तर पोचेल!

बरं, दोन वाजून पाच मिनिटांनी एक नंबरचा दिवा लागला. व्हर्नेल टिडमोर. वय एकोणऐंशी, पाइन हिलच्या रस्त्यावर लाकडी घरात एकटी. हिचा आवाज मी झोपेतसुद्धा ओळखीन, कारण ही ग्रेडीच्या टायबद्दलही फोन करते.

"लोरीन, आज लग्न आहे!"

"कोणाचं हो?"

"कोणाचं म्हणजे? डेल्फीनचं! चौदा महिने वाट बघतेय मी! तिचा नवरा मेला, परत आला, पुन्हा मेला, आज ती त्याच्या भावाशी लग्न लावतेय, आणि तुझा ग्रेडी उभा आहे मधे, म्हशीसारखा!"

"व्हर्नेलबाई, तो तुमच्याच रस्त्याचं नाव घेतोय!"

"घेऊ दे. दरवर्षी घेतो."

मी म्हटलं, अहो, तुमच्या शेजारी ड्यूई क्रम्प्टन आहेत ना, त्यांच्याकडे तळघर आहे ना, जा की तिथे! झालं, चवताळली. "विधुर माणसाबरोबर तळघरात बसू? अंधारात? रविवारी चर्चमध्ये कुठलं तोंड दाखवू? आणि कोळी किती आहेत तिथे!"

आता हे ड्यूई क्रम्प्टन कोण, तर वय शहात्तर, कमरेचं हाड मोडलेलं, काठीशिवाय पाऊल नाही. दोघांच्या घरांमध्ये एक कुरण आणि एक ओढा. कंबर धड होती तेव्हा त्याने स्वतःच्या हाताने ते तळघर खणलं. आणि वादळ आलं की दर वेळी हिला फोन, "व्हर्नेल, ये, दार उघडं ठेवलंय." आणि हिचं दर वेळी उत्तर, "राहू दे उघडं, हवा खेळेल." हे सगळं मला कसं ठाऊक? अहो, हीच सांगते! टायवरून सुरू करते आणि ड्यूईवर येते, नऊ वर्षं ऐकतेय मी!

तर मी करू काय? बाहेर भोंगा वाजायला लागलेला, ग्रेडी म्हणतोय पाइन हिलवाल्यांनो, वीस मिनिटं, फार तर वीस... आणि बाई म्हणतेय लग्न बघितल्याशिवाय खुर्ची सोडणार नाही. आणि तेवढ्यात माझं लक्ष काचेकडे गेलं. माझ्या टेबलामागे काच आहे, काचेपलीकडे यंत्रांची खोली. आणि तुम्हाला सांगते, न्यूयॉर्कहून येणारी मालिका आमच्याकडे येतच असते हो, आम्ही फक्त पुढे सोडत नाही. तिथे एका वीतभर पडद्यावर ती आपली चालू! डेल्फीन जिना उतरतेय!

मी म्हटलं, "व्हर्नेलबाई, मला दिसतेय मालिका. तुम्ही न्हाणीघरात जा, टबात बसा, गादी डोक्यावर ओढून घ्या. मी सांगते सगळं, पहिल्यापासून."

मग हळूच, "झगा कसा आहे?"

"पांढरा. लांब बाह्या. गळ्याला मोती."

"...थांब, फोनची वायर पुरते का बघते."

आणि मग गादी ओढल्याचा आवाज, काहीतरी फुटल्याचा आवाज, एक शिवी, जी तिने चर्चमध्ये कधी ऐकलीही नसेल... आणि मग टबातून, घुमल्यासारखी, "हं. सांग."

आता गंमत बघा! काचेपलीकडचा आवाज मला येत नाही. नुसतं चित्र. आणि मालिका मी जन्मात बघितलेली नाही. तरी सुरू केलं! "एक टकलू माणूस रडतोय." "टकलू नाही, ते न्यायाधीश आहेत! पुढे!" "एक बाई नवरीला मिठी मारतेय, तिची आई असावी." "आई? अगं, सावत्र सासू आहे ती, हिनेच विष घातलं होतं! चेहरा कसा आहे तिचा?" मी म्हटलं, "विष घातल्यासारखा." म्हणते, "वाटलंच मला!" मधेच जाहिराती लागल्या. आता थांबले तर ही टबातून उठेल! मग मीच लग्नाला पाहुणे आणले, केक आणला, पाद्रीबुवाला ठसका लावला... देवा, किती खोटं बोलले मी त्या वीस मिनिटांत!

आणि या सगळ्यात तीन नंबरचा दिवा लागला. मी उचलला, "चॅनेलला फोन केल्याबद्दल आभार, जरा थांबा" म्हटलं, बटण दाबलं, ठेवला होल्डवर. तिकडून पुरुषाचा आवाज एवढाच आला, "बाई, मी..." आता "बाई, मी" पुढे काय असतं, मला विचारा! "बाई, मी वीस वर्षं तुमचं चॅनेल बघतो, मालिका कधी लावताय?" सगळे असेच सुरू होतात! दोन नंबर, चार नंबर, पाच नंबर, सगळे लुकलुकतायत, सगळ्यांना थांबवलंय, तसा हाही. आणि एक म्हातारी माझ्या जिभेवर टबात बसलीय. सांगा ना, माझं काय चुकलं?

"वीज गेली गं," व्हर्नेल म्हणाली. "जाऊ दे, तू सांग." मी सांगतेय. मग म्हणाली, "लोरीन, मालगाडी आल्यासारखं वाटतंय." पाइन हिलला रूळ नाहीत. मी सांगतेय. नवरदेव वळला, डेल्फीनचा हात धरला... "काय म्हणाला?" ती ओरडली, मला जेमतेम ऐकू आलं. "म्हणाला..." आणि मला सुचेना हो. नवरदेव काय म्हणेल मला सुचेना. आणि एक नंबरचा दिवा विझला. बोर्डाकडे बघते तर तीन नंबरही विझलेला.

व्हर्नेल सापडली. टबासकट, ओढ्याच्या अलीकडे, गादीखाली, खांद्याचं हाड मोडलेलं, पण जिवंत, आणि स्ट्रेचर उचलणाऱ्याला म्हणे पहिलाच प्रश्न, लग्न लागलं का? चॅनेलला तर काय, दिवाळीच! साहेबांनी मला फुलं दिली. ग्रेडीने माझा हात हातात घेतला, तो रडला, मीही रडले. बातम्यांत मला दाखवलं, "आमच्या लोरीनने वाचवला जीव", मधे फर्निचरची जाहिरात, मग पुन्हा मी.

पण निरोपाचं यंत्र मी शुक्रवारी सकाळी ऐकलं. होल्डवर दहा मिनिटं झाली की आमचा फोन आपोआप त्या यंत्रावर जातो, आणि निरोप संपला की पुन्हा होल्डवर. त्रेसष्ट निरोप. बासष्ट मालिकेचे. आणि एक...

"बाई, मी ड्यूई क्रम्प्टन, पाइन हिलचा. तुमच्या कामात व्यत्यय आणायचा नव्हता. व्हर्नेल टिडमोरचा फोन कधीपासून एंगेज लागतोय, म्हणजे ती तुमच्याशीच भांडत असणार. तिला एवढं सांगा, तिच्या पुतण्याची गाडी दारात आहे, तिने ती घेऊन यावं, तीन मिनिटं लागतात. तळघर झाडून ठेवलंय, कोळी काढलेत. आणि सांगा की मी आत बसणार नाही. ती खाली बसेल, मी वर दाराशी बसेन, म्हणजे कोणी काही बोलणार नाही. थांबतो मी. होऊ द्या तुमचं, घाई नाही."

घाई नाही! आणि आमच्याकडे होल्डवर ठेवलं की कानात काय लागतं ठाऊक आहे? ग्रेडी. पडद्यावरचाच आवाज. म्हणजे ड्यूईने सगळं ऐकलं, पाइन हिल, पाच मिनिटं, पाइन हिल, आता, आत्ता खाली जा... ऐकत उभा राहिला. त्याचा फोन स्वयंपाकघराच्या भिंतीला. तळघराचं दार तिथून दहा पावलांवर. घराचं नुसतं जोतं राहिलंय, ड्यूई गेला तो तिथेच, स्वयंपाकघरात. तळघरात म्हणे पीचच्या बरणीला तडाही नाही, आणि एक खुर्ची, तिच्यावर धुतलेली गोधडी.

साहेब म्हणाले, लोरीन, तुझी काही चूक नाही. पाद्रीबुवा म्हणाले चूक नाही. ग्रेडी म्हणाला चूक नाही. सगळे म्हणतात, आणि मी मेली सगळ्यांना विचारत सुटलेय, सांगा हो, माझं काय चुकलं? त्या निरोपाची टेप माझ्या पर्समध्ये आहे. व्हर्नेलला ऐकवायला दोनदा गेले, दोनदा केक देऊन परत आले.

आता ती पुतण्याकडे राहते आणि रोज फोन करते. मालिकेचं नाव नाही, टायचं नाव नाही. काल पुन्हा, "लोरीन, मला एक कळत नाही. तळघर दहा पावलांवर! स्वतः खणलेलं! आणि हा खुळा स्वयंपाकघरात काय करत होता गं?"

मी म्हटलं, "काय माहीत हो."

"आयुष्यभर मला सांगत आला, खाली ये, खाली ये... आणि स्वतः?" मग म्हणाली, "कोणीतरी फोन करून ओरडायला हवं होतं त्याच्यावर. ऐकलं असतं त्याने."

मी म्हटलं, "केला असता हो कोणीतरी, व्हर्नेलबाई... पण त्या दिवशी सगळ्या लाइनी एंगेज होत्या."